एकच हातोडी

बातमी आली तेव्हा धाकटीच्या हातात कुणाच्या तरी वरच्या जबड्याचे दात होते. मेणात बसवलेले, अजून पक्के न झालेले. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या कार्यशाळेत ती कामाला होती आणि पुढचे दोन दात एका रेषेत येईनात म्हणून सकाळपासून वैतागली होती. फोनवर थोरले दीर होते.

"धाकटे, घरी जा. भुयाराच्या तोंडाशी दरड कोसळलीय. आत दोघं आहेत."

दोघं कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. डोंगराखालून शहराला पाणी आणणाऱ्या त्या जुन्या भुयारात नळाचे सांधे दुरुस्त करायचं काम चालू होतं. बाकीची टोळी चहाला बाहेर आली तरी हातातला सांधा पुरा केल्याशिवाय जागचे न हलणारे तिथे दोघंच होते. एक तिचा नवरा, आणि दुसरा मोठ्या जावेचा भाऊ. त्याला सगळे लंबू म्हणायचे.

"मी इथेच आहे," दीर म्हणाले. "खणायला सुरुवात झालीय. तू आईजवळ जा. आणि मोठीकडेही बघ."

दात तसेच टेबलावर ठेवून ती निघाली. हातांना लागलेलं साच्याचं प्लास्टर धुवायचं राहिलं.

घरी पोहोचली तर बाहेरची खोली भरून गेली होती. चर्चच्या मंडळीतल्या बायका आल्या होत्या, शेजारच्या घरांतल्या खुर्च्या आल्या होत्या. सासूबाईंचे भाऊ, कानाने अधू असलेले मामा, दाराजवळच्या स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला "काही कळलं का?" असं ओरडून विचारत होते. मोठी जाऊ कोपऱ्यात शिलाईच्या मशीनपाशी बसून एका सदऱ्याला हाताने काजं करत होती. भाऊ मातीखाली आणि ही बाई काजं काय करते, असं कुणीतरी कुणाच्या तरी कानात म्हणालं. धाकटीला उलट ते बघून बरं वाटलं. तिच्या स्वतःच्या हातांवर प्लास्टर वाळून भेगा पडल्या होत्या आणि त्या हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं.

"ये, इथे बस. माझ्याजवळ," सासूबाई म्हणाल्या आणि तिचा हात त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला.

मोठीला असं कुणी बोलावलेलं दिसत नव्हतं. तिच्या आजूबाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. लंबू चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आला आणि मागच्या खोलीत वर्षभर राहिला. सासऱ्यांच्या पश्चात सुतारकामाच्या कारखान्यात धाकट्याचं मन रमेना, तेव्हा "माझ्याबरोबर नळाच्या कामाला चल" असं म्हणाला तोही लंबूच. सासूबाईंनी तोंडावर त्याला कधी काही म्हटलं नव्हतं. त्यांना तशी गरजच पडायची नाही. त्या प्रार्थनेत म्हणायच्या.

सासूबाईंना मंडळीत सगळे माई म्हणत आणि त्यांची प्रार्थना ही नावाजलेली गोष्ट होती. कुणी आजारी पडलं, कुणाची परीक्षा आली, की आधी माईंना निरोप जायचा. पाळकसाहेबसुद्धा म्हणायचे, माई उभ्या राहिल्या की मी निवांत बसतो. शब्द असे यायचे, जणू आत कुणीतरी ते घडी घालून ठेवले आहेत आणि माई एकेक उलगडून दाखवताहेत. फक्त घरच्या लोकांना त्यातली एक खोच कळायची. "हे प्रभो, या घरातल्या दिव्यांवर तुझी कृपा असो, आणि ते दिवसाढवळ्या जळत ठेवणाऱ्यांना सद्बुद्धी मिळो," असं आलं की मोठी उठून मुकाट्याने दिवा बंद करायची.

धाकटी या घरात आली ती देवाचं नाव न घेणाऱ्या घरातून. लग्नासाठी कुणी तिला काही अट घातली नव्हती. वर्षभराने तिने आपण होऊन बाप्तिस्मा घेतला, का घेतला ते तिला नीट सांगता आलं नसतं. पण मोठ्याने प्रार्थना करणं काही तिला जमलं नाही. संध्याकाळी सगळे गोल बसायचे, पाळी एकेकाकडून पुढे सरकायची, आणि तिच्यापाशी आली की तिचा घसा बंद. ती नुसतं "आमेन" म्हणायची. नवरा हसायचा. "आमच्या घरात सगळ्यात झटपट तू पोहोचतेस. थेट शेवटाला."

आता माई उभ्या राहिल्या.

"हे दयाळू प्रभो, डोंगर तुझे आहेत, माती तुझी आहे. त्या मातीखाली माझं लेकरू आहे. तू त्याला ओळखतोस. बापाच्या कारखान्यातली हत्यारं टाकून तो आपल्या मनाने गेला नाही, प्रभो. ज्यांच्या नादाने तो अंधारात उतरला, ज्यांनी या घरात खाऊन, राहून..."

"आमेन!" मामा म्हणाले. माईंनी श्वास घेतला की त्यांना शेवट झाल्यासारखा वाटे.

मोठीची सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली.

धाकटीने डोळे मिटले होते. पण तिला काही मागता येईना. माईंचे शब्द इतके मोठे होते की त्यांच्या बाजूने काही सरकवायला जागाच नव्हती. आणि आत कुठेतरी तिला लाजही वाटत होती, कारण त्या शब्दांनी मोठीला टोचलेलं तिला दिसलं होतं, आणि ती माईंच्या हातात हात देऊन बसली होती.

तेवढ्यात फोन वाजला. माईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आई, आवाज येतोय!" थोरले दीर ओरडतच होते. त्यांच्या मागे यंत्रांची घरघर होती. "नळावर ठोकल्याचा आवाज. आतून येतोय. सगळ्यांनी कान लावून ऐकला."

खोलीत एकदम गलका झाला. कुणी रडलं, कुणी स्तुती म्हणायला लागलं. मामांनी "काय झालं? काय झालं?" म्हणून शेजारच्या बाईचा दंडच धरला.

"आई, ऐक," दीर म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "एकच हातोडी आहे. इंजिनीअरसाहेब पुन्हापुन्हा ऐकताहेत. दोन जण ठोकत असते तर कळलं असतं म्हणे. आत एकच माणूस ठोकतोय."

गलका विरत गेला.

तो असू दे, धाकटी मनात म्हणाली. तो असू दे, तोच असू दे. आयुष्यात पहिल्यांदाच प्रार्थना तिच्या आतून न अडता आली होती, पाण्याचा नळ सुटावा तशी. तिने डोळे उघडले. समोर मोठी तिच्याकडेच बघत होती, आणि मोठीचे ओठही हलत होते.

दोघींनी एकदमच नजर काढून घेतली.

"माझंच लेकरू आहे ते," माई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "सुताराचा मुलगा आहे. हातोडी दुसऱ्या कुणाच्या हातात असणार? उठा, सगळ्या जणी उठा. आपण स्तुती करू."

खुर्च्या सरकल्या. मोठीने सुई सदऱ्यात टोचून ठेवली, सदरा मशीनवर ठेवला आणि कुणाकडेही न बघता ती मागच्या दाराने बाहेर गेली.

धाकटीने हात सोडवला.

"कुठे निघालीस?" माई म्हणाल्या. "प्रार्थना चाललीय."

"हो, आई. म्हणूनच."

मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. त्यात दोन कामाच्या विजारी शेजारीशेजारी टांगलेल्या, एक नेहमीच्या मापाची आणि एक इतकी लांब की तिचे पाय जमिनीला टेकायला आले होते. मोठी पायरीवर बसली होती. रडत नव्हती.

"आत जा," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच स्तुती चाललीय ना."

"ताई..."

"मी काय मागितलं, सांगू? मी म्हटलं, देवा, तो माझा असू दे. माझा म्हणजे काय? म्हणजे तुझा नसू दे. अगदी तेच मागितलं मी, धाकटे. तू समोर बसली होतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून मागितलं."

धाकटी तिच्या शेजारी टेकली. "मीही तेच मागितलं."

"माहीत आहे. दिसलं मला."

आतून माईंचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, चढउतार कळत होता.

"मग आता काय करायचं?" धाकटी म्हणाली. "मागितलेलं परत घेता येतं का?"

"मला काय विचारतेस? मी इतकी वर्षं आईंचं ऐकून ऐकून म्हणतेय. माझं स्वतःचं त्यात काही नाही. त्या म्हणतात कृपा, मी म्हणते कृपा."

"मला तर तेवढंही येत नाही."

मोठीने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. मग म्हणाली, "तू लंबूसाठी माग. मी धाकट्यासाठी मागते. म्हणजे निदान लबाडी तरी व्हायची नाही."

धाकटीने मान हलवली खरी, पण तोंड उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की लंबूबद्दल तिला फारसं काही माहीतच नव्हतं. वर्षभर तो मागच्या खोलीत होता. ती त्याला जेवायला वाढायची, तो "बस, बस" म्हणायचा. आता त्याच्यासाठी मागायचं तर आधी तो डोळ्यांपुढे आणायला हवा होता. ती दोरीवरच्या त्या लांब विजारीकडे बघत राहिली.

"देवा," ती म्हणाली. आवाज फाटला. तिने पुन्हा सुरुवात केली. "देवा, लंबूची उंची तुला माहीत आहे. त्या भुयारात त्याला दिवसभर वाकून काम करावं लागतं. घरी आला की तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, कितीतरी वेळ. मला वाटायचं उगाच उभा आहे. त्याची पाठ दुखत असणार. आता तो तिथे कसा बसला असेल मला माहीत नाही. त्याला पाय पसरायला जागा मिळू दे. त्याला श्वास घेता येऊ दे. तो... तो जगू दे, देवा. तो ताईंना हवा आहे. मलाही हवा आहे."

शेवटचं वाक्य तिने ठरवून म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर ते खरं असल्याचं तिला कळलं.

मोठीने तिचा हात धरला. प्लास्टर सुटून दोघींच्या बोटांना लागलं.

"देवा," मोठी म्हणाली, "धाकट्याला अंधार सोसत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा. दिवा घालवला की उठून माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसायचा. आईंना कळलं तर हसतील म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही. मोठा झाला, मिशी आली, तरी तो दिवा लावूनच झोपायचा. त्याला भीती वाटत असेल, देवा. तू त्याला तुझ्याजवळ बसू दे. मी दाराशी बसू द्यायचे तसं."

"मला हे कधीच बोलला नाही तो," धाकटी हळूच म्हणाली.

"बायकोला कोण सांगतं?"

दोघींना हसू आलं. रडूही आलं, आणि थोडा वेळ कुठलं कुठे संपतं ते कळेना.

"अजून एक राहिलं," मोठी म्हणाली. आता ती धाकटीकडे बघत नव्हती. "ते मला म्हणवत नाही. तू म्हण."

धाकटीला ते काय असणार ते समजलं.

"देवा, एकच जण येणार असेल तर..." ती थांबली. "तर आम्हा दोघींना एकमेकींसमोर उभं करू नकोस. जी रिकाम्या हाताने राहील तिला दुसरीचा राग येऊ देऊ नकोस. आम्हाला याच घरात ठेव."

मागे काहीतरी हललं. माई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. आतली स्तुती थांबली होती आणि आत मामा कुणाला तरी "संपली का?" म्हणून विचारत होते.

माई खाली पायरीपर्यंत आल्या. गुडघे धरत बसल्या, मोठीच्या बाजूला. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. इतक्या वर्षांत धाकटीने असं कधी बघितलं नव्हतं. त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोघांना. प्रभो, दोघांना."

बस एवढंच. थोड्या वेळाने त्यांनी मोठीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझ्याकडून फार टोचून बोललं गेलं, सूनबाई. तेही देवाच्या आडून. त्याला काय वाटलं असेल!"

"त्याला सवय झाली असेल, आई," मोठी म्हणाली.

माई चमकल्या. मग त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसण्याचा आहे हे कळायला दोघींना जरा वेळ लागला.

दुपार कलायच्या आत दिरांचा पुन्हा फोन आला. "तिघीही या," ते म्हणाले. आवाज आता अगदी जवळ आलाय, माती काढायची थोडीच राहिलीय, पण पुढचं कुणी काही सांगत नाही. शेजारच्या पाववाल्याने आपली गाडी काढली. पावाच्या रिकाम्या ट्रेच्या मधोमध तिघी जणी एकमेकींना धरून बसल्या. धाकटीच्या मनात मधूनमधून "तो असू दे" उगवायचं. ती त्याला हाकलायची नाही, फक्त त्याच्या पुढे लंबूलाही उभं करायची. सोपं नव्हतं ते. दर वळणावर पुन्हा पहिल्यापासून करावं लागे.

डोंगराच्या पायथ्याशी यंत्रं थांबवलेली होती. शेवटची माती माणसं हाताने काढत होती, पाट्या एका हातातून दुसऱ्या हातात जात होत्या. थोरले दीर गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांनी आईकडे, मग बायकोकडे, मग धाकटीकडे बघितलं आणि मान हलवली. अजून काही नाही.

मग आतून कुणीतरी ओरडलं, आणि पाट्यांची रांग फुटली.

पहिला बाहेर आला तो फळीवर होता. फळीपेक्षा लांब. पोटऱ्या फळीच्या बाहेर लोंबत होत्या आणि एका पायाला लाकडाचा तुकडा बांधलेला होता. तोंडावर नुसता चिखल. त्या चिखलातून लंबू खोकला.

धाकटीच्या आतून आनंद उसळला, खराखुरा, दुसऱ्या कुणासाठी मागितलेली गोष्ट मिळाल्याचा. तो पुरता वर यायच्या आत तिला ते आठवलं. हातोडी एकच होती. आणि हातोडी ठोकणारा हा समोर होता.

तिने मोठीकडे बघितलं. मोठीचा भाऊ हाताच्या अंतरावर होता, आणि मोठी जागची हलली नव्हती. तिने धाकटीचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला होता.

"जा ना, ताई," धाकटी म्हणाली.

"जाईन. दुसरा येऊ दे."

फळीजवळ गेल्या त्या माई. चिखलात चपला रुतल्या त्या तिथेच सोडून, अनवाणी गेल्या. त्यांनी लंबूच्या तोंडावरचा चिखल आपल्या तळव्याने पुसला, लहान मुलाचं तोंड पुसतात तसा.

"माई," लंबू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तो मागे आहे. माझ्या मागेच आहे. मला आधी काढा म्हणून त्यानेच हट्ट धरला. पाय माझा मोडलाय ना."

"जिवंत आहे?" दिरांनी विचारलं.

"आहे म्हणजे? मघापासून माझं डोकं खातोय."

आणि खरंच, भुयाराच्या तोंडातून, दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून, डोळ्यांवर कुणाचा तरी रुमाल बांधलेला धाकटा बाहेर आला. उजेड एकदम लागू नये म्हणून रुमाल बांधला होता. तो स्वतःच्या पायांवर चालत होता. "आई आहे का इथे?" तो म्हणत होता. "बायको आहे का?"

मोठीने धाकटीला अशी ढकलली की ती जवळजवळ पडलीच. मग ती स्वतः भावाकडे धावली.

नंतर सगळं कळलं, तुकड्यातुकड्यांनी. दुसरी हातोडी पहिल्याच झटक्यात मातीखाली गेली होती. उरलेल्या एकीने ते आळीपाळीने ठोकत होते. हवा कमी होती, म्हणून एकाने ठोकायचं, दुसऱ्याने पडून राहायचं आणि बोलत राहायचं, म्हणजे झोप लागत नाही. इंजिनीअरसाहेबांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. माईंनी मात्र, कुणी काही बोलायच्या आत, आपला तोच चिखलाचा हात साहेबांच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला, आणि साहेब तसेच उभे राहिले.

रुग्णवाहिका दोन होत्या. लंबूच्या गाडीत मोठी चढली, आणि कुणी न सांगता माईही चढल्या. "माझे पाय गार पडलेत, कुणाच्या तरी चपला द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

धाकटीच्या गाडीत ती आणि तिचा नवरा. डोळ्यांवरचा रुमाल काढला होता, पण तो डोळे मिटूनच पडला होता. उन्हं उतरली होती आणि खिडकीतून तांबूस उजेड त्याच्या छातीवर हलत होता. त्याच्या तोंडावरचा चिखल वाळून पांढरट झाला होता, अगदी तिच्या हातांवरच्या प्लास्टरसारखा.

"तू काय केलंस दिवसभर?" त्याने विचारलं.

"प्रार्थना."

त्याने एक डोळा उघडला. "तू? मोठ्याने?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"नाही. लंबूसाठी. तुझ्यासाठी ताईंनी केली."

तो हसला, आणि गालावरच्या चिखलाला तडे गेले. "हा कुठला नवा कायदा?"

"नंतर सांगेन."

"आत्ता सांग. आणि एकदा कर ना. मला ऐकायचीय. शेवटाला उडी मारायची नाही, पहिल्यापासून."

गाडी खडकाळ रस्त्यावरून हलत चालली होती. तिने त्याचा हात हातात घेतला. घसा आवळेल असं तिला वाटलं होतं. नाही आवळला. तिने डोळेही मिटले नाहीत.

"देवा," ती म्हणाली, "हा समोर आहे. लंबू पुढच्या गाडीत आहे..."

वाक्य पुरं व्हायच्या आत तो झोपला. ती थांबली नाही.